चालवायचं तेवढं शिकवलं नाही

शकूच्या बाबांना,

तुम्ही लढाईवरून परत आलात आणि तुम्हाला पत्र लिहायचं माझं काम संपलं. ब्रह्मदेशात होतात तेव्हा महिन्याकाठी एक तरी जायचं. चौथीपर्यंत शिकलेल्या बायकोचा तुम्हाला केवढा अभिमान! पलटणीतल्या सोबत्यांना माझी पत्रं वाचून दाखवायचात म्हणे. हे मात्र कुणाला वाचून दाखवण्यासारखं नाही.

का लिहायला बसले ते आधी सांगते. परवा मी तुमची जीप घेऊन मेहकरच्या दवाखान्यात गेले. घेऊन म्हणजे चालवत. मागे बाजेवर तुमची पुतणी कमळ होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि अडलेली. मी वेळेत पोचले. कमळ वाचली, बाळही वाचलं. तुमच्या दादांनी गावभर गूळ वाटला. जो तो दारात येऊन माझं कौतुक करतोय, आणि मला परवापासून घास गिळवत नाही.

कारण मी पोचले ना! म्हणजे तेव्हाही पोचले असते.

एवढं लिहिलं आणि दौत बाजूला सारून उठून गेले होते. आता पहिल्यापासून लिहिते. लिहायला बसलं की मला शाळेतली भाषा येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. नाहीतर जे मनात आहे ते आपल्या बोलीत लिहिलं असतं तर कागद जळाला असता.

ती जीप दारात आली तो दिवस आठवतो? लढाई संपल्यावर सरकारनं फौजेच्या मोटारी विकायला काढल्या. तुम्ही जबलपूरला गेलात आणि तिथून ती चालवत जानेफळला आणलीत. चिखलाच्या रंगाची, पुढच्या काचेला तडा गेलेली, छताच्या जागी फाटकी ताडपत्री, आणि स्टेरिंग डाव्या अंगाला. दादा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "भंगार आनलं बे तू. सरकारनं फेकलं, तू उचललं."

तुम्ही म्हणालात, "दादा, हिचे चारी चाकं ओढतात. बैल दोनच पायानं जोर लावन तं चिखलातून निंघन का? चारी पाय लावते म्हनून निंघते. तशी हे हाय."

दादांना ते पटलं. बैलाचं उदाहरण दिलं की त्यांना सगळं पटतं. मग बैलांच्या कोठ्यातली अर्धी जागा जीपला मिळाली आणि दोन बैल बाहेर लिंबाखाली आले.

पुढं काय काय केलंत तिचं! सुटे भाग कुठले मिळायला? अकोल्यालाही नव्हते. मग घरात होतं ते गाडीत गेलं. रेडिएटर गळायला लागला की माझ्या डब्यातली मूठभर हळद आत. ब्रेकमध्ये एरंडेल. इंजिनाच्या एका झाकणाखाली घालायला चामडं हवं होतं म्हणून पायातला जोडा कापलात, तोही नवा! स्प्रिंगेचा पाटा तुटला तेव्हा लोहाराकडून छकड्याच्या चाकाच्या धावेचं लोखंड ठोकून घेतलंत. दिवाळीपर्यंत तो वाकला, पुन्हा ठोकला. माझी जुनी लुगडी फाटायच्या आधीच तेल पुसायला गेली. मी कुरकुरले की म्हणायचात, "अवं, घरातलं एक मानूस हाय थे."

आणि या सगळ्यात हाताखाली कोण होतं? मीच ना? तुम्ही पाठीवर गाडीखाली पडलेले, नुसता हात बाहेर. कोणता पाना हवा ते तुम्ही बोलायच्या आत मी हातात ठेवायची. प्लगावरचं काजळ खरवडणं, टायरच्या ट्यूबेला ठिगळ लावणं, बॅटरीत पाणी घालणं, सगळं तुम्ही मला शिकवलंत. शिकवताना कधी डाफरलात नाही, हे खरं बोलायला हवं.

ब्रेकच्या नळीत हवा शिरायची. ती काढायला दोन माणसं लागतात, एक गाडीखाली आणि एक पायडलवर. पायडलवर मी. कोठ्याचं दार लावून घ्यायचात, कुणी बघू नये म्हणून. खालून तुमचा आवाज यायचा, "दाबजो... धरून ठेवजो... हां, आता सोड." मी दाबायची, धरायची, सोडायची. एवढी वर्षं मी चालवणाऱ्याच्या जागेवर बसले, शकूचे बाबा. पायाखाली क्लच, ब्रेक, हाताशी गिअर, बाजूचे ते दोन ठेंगणे दांडे, एक पुढच्या चाकांना जोर देणारा, एक चढणीसाठी. सगळं मला पाठ. आणि गाडी माझ्या हातून वीतभरही हलली नाही.

कशी हलणार? तुम्ही हलू दिली नाहीत.

मागची बाकं काढून बाज बसेल अशी चौकट तुम्ही सुताराकडून करून घेतलीत. बाजेचे पाय चौकटीत अडकायचे, म्हणजे खड्ड्यातही माणूस हलायचं नाही. आसपासच्या खेड्यांतून कुणी धापा टाकत आलं की जेवतं ताट सारून उठायचात. अडलेल्या बायका, आडात पडलेला माणूस, तापानं फणफणलेली लेकरं. पेट्रोल कुपनावर मिळायचं, तेही अपुरं, पण कुणाला नाही म्हणाला नाहीत. बायांच्या सोबतीला मागे मी असायची. म्हणून मेहकरचा रस्ता मला नुसता माहीत नव्हता, त्याचे खड्डे माझ्या हाडांना माहीत होते.

एकदा परतताना गाडी रिकामी होती. हरभरा निघून गेलेलं मोकळं वावर दिसलं आणि मी म्हटलं, "मले चालवाले शिकवा ना. एवढं रिकामं वावर हाय, कोनाले धडकन?"

तुम्ही हसलात. "अन् मंग मी काय करू? भाकरी थापू?"

"हासू नका. तुमी घरी नसले अन् कोनाले गाडी लागली तं?"

"मी कुठं चाललो?"

मी पुन्हा विचारलं तेव्हा खरं काय ते तोंडातून निघालं. "दादाले चालनार नाई. लोकं म्हनतीन, घराचं नाक कापलं." लढाईत जखमी शिपायांच्या गाड्या बाया चालवत होत्या, हे मला तुम्हीच सांगितलं होतंत, डोळे मोठे करून! मी ते काढलं तर म्हणालात, "थ्या मडमा होत्या." बस. गिअर टाकलात आणि वावर मागे पडलं.

मडमेचे पाय निराळे असतात का हो?

आता त्या दिवसाचं. पोळा होऊन गेला होता, पाऊस दोन दिवस उघडला होता. दुपारी तुम्ही गाडी दुरुस्त करून सुरू करून पाहिलीत. घड्याळासारखी चालत होती. "आता हे अकोल्यालेही जाईन," म्हणालात. बंद केलीत आणि मागच्या चाकापाशी पडलेला पाना उचलायला गोणपाटावर वाकलात. चाकाच्या सावलीत घोणस होती. उजव्या हाताला डसली.

गड्यानं तिला मारलं. मी दंडाला चिंधी बांधली. बघता बघता हात कोपरापर्यंत सुजला. तुम्ही घाबरला नव्हतात. स्वतःच गाडीत बसलात, इंजीन सुरू केलंत. पण गिअर उजव्या हाताला, आणि उजवा हात तर ओंडक्यासारखा. दोनदा प्रयत्न केलात. मग उलटी झाली आणि डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणालात. उतारूंची सर्व्हिस मोटार सकाळीच निघून गेलेली. गावात दुसरं कुणी चालवणारं नव्हतं.

दादांसमोर मी लग्न झाल्यापासून तोंड उघडलं नव्हतं. काही सांगायचं तर जाऊबाईंच्या तोंडून. त्या दिवशी उघडलं. इंजीन चालूच होतं, म्हणून ओरडून बोलावं लागलं.

"दादाजी, मी चालवते."

ते माझ्याकडं असे बघत राहिले, जशी गायच बोलली. "तू? बाईमानूस गाडी चालवन अन् आमी मांगं बसू? लोकं तोंडात शेन घालतीन." आणि गड्याला म्हणाले, "काय पाह्यतं बे, बैल जोड!"

"बैलानं दिवस बुडन. रस्त्यानं चिखल हाय. यायले माह्या बाजूले बसवा, हे सांगतीन तसं मी करीन. मले सारं येते."

मग सगळे तुमच्याकडे बघायला लागले. दादा, दाराआडून जाऊबाई, गडी, कुडावरून डोकावणारी शेजारपाजारची माणसं. तुम्ही पूर्ण शुद्धीवर होतात. मला येतं की नाही, हे त्या अंगणात एकट्या तुम्हाला माहीत होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग दादांकडे बघितलंत. मग मान खाली घातलीत.

"हो" म्हणायला किती वेळ लागतो, शकूचे बाबा? किती जोर लागतो? पुढचं मागचं काही नको होतं, नुसतं "हाव" म्हणायचं होतं. तुमच्या त्या एका शब्दावर मी अख्ख्या गावाला अंगावर घेतलं असतं.

मीच हात लांब करून इंजीन बंद केलं.

छकडं नाल्यापर्यंत गेलं आणि आसापर्यंत रुतलं. गडी चाकाला भिडले, दादाही भिडले. मी तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं, मी पदरानं टिपत होते. मला वाटलं, आता तरी काही बोलाल. शकूसाठी काही, माझ्यासाठी काही. बोललात! काय बोललात आठवतं का? "कोठ्याचे कवेलू गयतात. गाडीवर ताडपत्री टाकजो."

गळक्या कौलांचं आणि गाडीचं, ते तुमचं शेवटचं बोलणं. शकू विचारते, बाबा जाताना काय म्हणाले. मी तिला खोटं सांगितलंय. काय सांगितलं ते तुम्हाला कळायचं कारण नाही.

मेहकर दिसलंच नाही. त्याच छकड्यातून परत आलो. कोठ्यात गाडी उभी होती आणि मी, तुमची बायको, रडायच्या आधी तिच्यावर ताडपत्री टाकली.

तेरावं झाल्यावर दादांनी ठरवलं, गाडी विकायची. धाडचा एक व्यापारी घ्यायला तयार होता, पण त्याला ती चालती हवी होती, आणि यायला त्याला सवड नव्हती. जाऊबाईंच्या तोंडून निरोप आला, गिऱ्हाईक येईस्तोवर तिनं गाडी सुरू ठेवावी, बंद पडली तर भंगारात जाईल. बघा की! दुरुस्त करायला बाई चालते. सुरू करायला चालते. नाक फक्त रस्त्यावर कापलं जातं.

मग दर बाजाराच्या दिवशी, सगळे बाजारात गेले की, मी हँडल मारून इंजीन सुरू करायची. पहिल्यांदा नुसतं सुरू. मग एकदा क्लच दाबून पहिला गिअर टाकला. पाय सोडला तर गाडीनं उडी मारली आणि कडब्याच्या गंजीत तोंड घातलं. जाऊबाई बाजाराला गेल्या नव्हत्या. दारातून बघून पोट धरून हसल्या, आणि मीही हसले. तुम्ही गेल्यावर या घरात कुणी हसल्याचं ते पहिलंच. मग मी ती कोठ्यातून कुडापर्यंत न्यायची आणि मागे आणायची. पुढे-मागे, पुढे-मागे, घाण्याच्या बैलासारखी. ब्रेकची हवा काढायला पायडलवर जाऊबाईंना बसवलं आणि गाडीखाली मी पडले. "दाबा जाऊबाई... धरा... सोडा." तिथून वर बघताना मला कळलं, तुम्हाला इथून माझे पाय तेवढे दिसत असतील. फक्त पाय.

असा पौष गेला, माघ गेला. धाडचं गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात नक्की येणार, असा निरोप आला. आणि परवा सकाळी कमळ अडली. सुईण पहाटेपासून झटत होती. उन्हं वर आल्यावर ती बाहेर येऊन म्हणाली, "माह्या हाताबाहेर हाय. दवाखान्यात न्या."

मी कोठ्यात होते. दारात सावली पडली म्हणून वळून बघितलं तर दादा. मधे जाऊबाई नाहीत, कुणी नाही. खाली बघत थेट मलाच विचारलं, "गाडी निंघते का?"

जिभेवर आलं होतं हो! "लोकं काय म्हनतीन, दादाजी?" एवढंच विचारावं आणि हातातला पाना खाली ठेवावा. तेवढ्यात मागून जाऊबाई धावत आल्या, केस सुटलेले, आणि नवऱ्यावर ओरडल्या, "नाक राहो का जावो, माह्यी पोर राह्यली पाह्यजे!"

त्या दिवशी त्या दाराआड उभ्या होत्या, गप्प. त्यांना काय बोल लावू? दाराआड कसं उभं राहायचं, हे मला त्यांनीच शिकवलेलं.

मी म्हटलं, "बाज आना."

वेशीतून बाहेर पडले तेव्हा दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. मी कुणाकडे बघितलं नाही. रस्त्यावर गाडी अंगणातल्यासारखी वागत नाही, हे पहिल्या वळणालाच कळलं. स्टेरिंग इतकं हिसके देत होतं की मनगटं निखळतील असं वाटलं. उतारावर ब्रेक लागेना, मग तुमचं सांगणं आठवलं, दोनदा दाबायचं. दोनदा दाबलं. मागे कमळ ओरडायची आणि जाऊबाई देवाचं नाव घ्यायच्या. माझ्या शेजारी दादा बसले होते. बाईमाणूस चालवतंय त्या गाडीत, पुढच्या बाकावर, दोन्ही हातांनी कड धरून!

नाल्यात पाणी नव्हतं, पण वाळू आणि सुटे दगड होते आणि पुढं चढण. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. दादा म्हणाले, "रुतली." मी थांबले, ते दोन दांडे टाकले, आणि सावकाश पाय सोडला. चारी चाकांनी धरलं. गाडी थरथरत वर चढली, जशी एखादी म्हैस डबक्यातून उठते तशी. तुम्ही गेलात ती जागा तीच. मला त्या जागेकडे बघायचंही सुचलं नाही, इतकी मी गिअरमध्ये होते. आणि दवाखान्याच्या फाटकात गाडी उभी केली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्याला घरून निघून फार वेळ झालेलाच नाही.

बाळ रडलं तेव्हा दुपार टळली होती. डॉक्टर हात पुसत बाहेर आले. म्हणाले, बरं झालं वेळेवर आणलंत, कुणाची मोटार? दादांनी माझ्याकडे बोट केलं. मी पदर सारखा केला आणि जे इतके महिने कुणाला विचारता आलं नव्हतं ते विचारलं.

"डॉक्टरसाहेब, घोनस चावल्यावर देतात थे सुई तुमच्यापाशी असते का?"

"असते की. पावसाळ्यात तर ठेवतोच. का? कुणाला चावली?"

"नाई," मी म्हटलं. "आता नाई."

दादांनी ऐकलं. ते तिथंच पायरीवर बसले. मला दया आली असेल असं तुम्हाला वाटतं का? नाही आली. मी जाऊन रेडिएटरमध्ये पाणी भरलं, कारण परत यायचं होतं.

काल त्यांनी जाहीर केलं, "गाडी इकायची नाई. राहू द्या तिच्यापाशी." जणू मला बक्षीसच दिलं! गाव तर काय, वाघीण म्हणतंय मला. त्या दिवशी कुडावरून डोकावणारी हीच माणसं. आणि कुणाचंही नाक गेलं नाही बरं का. मी नीट बघितलं, सगळ्यांची जागच्या जागी आहेत.

पण दादांवर माझा एवढा राग नाही, शकूचे बाबा. ते जसे होते तसे वागले, त्यांना दुसरं काही माहीतच नव्हतं. तुम्हाला माहीत होतं! तुम्ही जग बघून आलात. डोक्यावरून विमानं जात असताना मोटारी हाकल्यात, आणि स्वतःच्या अंगणात थोरल्या भावापुढं तुमच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. मरणापेक्षा त्यांच्या कपाळावरची आठी मोठी झाली? आणि माझं काय होईल, शकूचं काय होईल, याचा हिशोब त्या आठीत बसला नाही? लोक म्हणतात, सापानं नेलं. म्हणू देत. मी छकड्यात बसून सगळं बघितलंय.

तुम्ही चांगले होतात. सगळ्या गावाला चांगले होतात. तेच तर मला कुणाजवळ बोलता येत नाही.

पत्राच्या शेवटी काहीतरी गोड लिहावं, अशी माझी जुनी रीत. आज तशी जमत नाही. तुम्हाला माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि करीन असं वचनही देत नाही. दुसरं एक देते. शकूचे पाय पायडलला टेकायला लागले की मी तिला गाडी शिकवीन. कोठ्याचं दार लावून नाही. रस्त्याकडेच्या वावरात, भर दुपारी, ज्याला बघायचं त्यानं बघावं. धडकली तर धडकू दे. आणि उद्या तिच्यासमोर कुणी मरणाच्या दारात असलं, तर तिथल्या पुरुषांच्या तोंडाकडे ती बघत बसणार नाही. गाडी सुरू करील आणि निघेल.

तुमची,
अनसूया